नऊशे एक्क्याऐंशी

परीक्षक सामंत तळेऱ्याहून एस.टी.ने आले ते थेट माझ्या घरी जेवायला. विज्ञानाच्या बाईने परीक्षकाला सुरमई खिलवायची, ही कुणकेश्वराजवळच्या आमच्या शाळेची रीत. मला त्या रीतीची शिसारी आहे. जेवून गृहस्थ ढेकर देत प्रयोगशाळेत बसले.

एकसष्ट सालची गोष्ट. लंबक हलवून पृथ्वीच्या ओढीचा आकडा काढायचा होता. पोरं पुस्तकातलं ९८१ हे उत्तर आधी लिहायची आणि मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं रचायची. आधी कळस, मग पाया! सगळ्या वह्या अशाच, आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी.

एकट्या सुगंधाचं उत्तर आलं ९५२. आमच्याकडे दोरा मासे धरायच्या जाळ्याचा. तिने लांबी आधी मोजली आणि गोळा टांगल्यावर दोरा ताणला गेला; हिशेबात मात्र आधीची आखूड लांबीच राहिली. हे तिचं तिलाच उमगलं. खाली तिने पेन्सिलीनेच लिहिलं, 'दोरा ताणला जातो, म्हणून उत्तर कमी.' इतका आनंद मला नोकरीत कधी झाला नव्हता.

सामंतांनी वहीवर बोट आपटलं. "सिद्धांतातला दोरा ताणला जात नाही."

"तसा दोरा जगात नाही, सर," मी म्हटलं.

"म्हणजे सिद्धांत खोटा?"

"खोटा कशाला? न ताणणारा दोरा मनात धरला, म्हणून तर हा ताणला गेल्याचं हिला कळलं. त्याचा उपयोगच तो."

"बाई, निसर्ग सिद्धांताप्रमाणेच चालतो. चुकते ती पोर."

"आणि हा दोरा? तो निसर्गाबाहेरचा?"

त्यांनी वही सुगंधापुढे सरकवली. "९८१ करून दे," ते सुगंधाला म्हणाले, "नाहीतर नापास."

नापास म्हणजे तिचा अध्यापन विद्यालयातला प्रवेश बुडाला. भावाने लग्नासाठी रेडी गावचं स्थळ बघूनच ठेवलं होतं. ती माझ्या कानाशी आली.

"बाई, दोरो ताणलो मा? मी बघलंय."

"ताणलो गो," मी म्हटलं. आणखी काय सांगणार होते?

तिने रबर घेतलं. ९५२ पुसून ९८१ केलं. मग हळूच विचारलं, "सर, खालची ओळ राहू दे?"

"पूस ती. घाण दिसते."

घाण! अख्ख्या वर्गात तेवढीच एक ओळ खरी होती, आणि या माणसाला ती घाण दिसली.

सुगंधाने इतकं खसाखसा पुसलं की कागद फाटला. सामंतांनी त्या भोकाशेजारी लाल शाईने लिहिलं, 'निरीक्षण उत्तम'.