मी गिळलेलं शून्य

मी एक कीबोर्ड. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं पोचवत आलो. आज पहिल्यांदा स्वतःचं बोलतोय, आणि तेही कबुली द्यायला.

माझा कारखाना कुठला, ते मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती सांगलीत, विश्रामबागेतल्या मुक्ता मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासमधली. सत्त्याण्णवचा दसरा होता. मॅडमनी मला खोक्यातून काढून मशीनला जोडलं आणि ओल्या बोटांनी हळदकुंकू लावलं. त्यातलं थोडं कुंकू शून्याच्या बटणाखाली उतरलं. तेव्हापासून ते बटण दहा वेळा दाबलं की एखादं शून्य गिळायचं. मुलं माझ्यावर अक्षरंच बडवायची, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मलाही तेव्हा कळलं नाही.

क्लासमध्ये फोनची वायर फक्त आमच्याच मशीनला होती. त्यामुळे मेल पाठवायला बाहेरचीही माणसं येत. दर शनिवारी जतहून एसटीने बिराप्पा यायचे. त्यांच्या घरची मेंढरं. भाऊ अजून मेंढरांमागे फिरत होते, हे मात्र तार ऑफिसात नोकरी करून रिटायर झालेले. मला हात लावण्याआधी ते रुमालाने बोटं पुसत. एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही. दोनच बोटांनी टाइप करायचे, पण सगळी बटणं सारख्याच जोराने दाबायचे.

"काका, दहा बोटं वापरा की," मॅडम म्हणायच्या.

"दोन बोटांवर तीस वर्सं नोकरी झाली मॅडम. बाकीची आठ आधीपासनंच पेन्शनीत हायत."

त्यांना मेलवरचा एक गट सापडला होता. त्यात सातारा, सांगली, पुणे इथली चाळीसेक माणसं होती. मराठी अक्षरं पडद्यावर नीट दिसावीत म्हणून ती मिळून एक प्रोग्रॅम लिहीत होती. तो कुणीही उघडून बघावा, चूक सापडली तर सुधारावी आणि सगळ्यांना परत द्यावा, अशी त्यांची रीत. वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची, ती जागेवर आणणारे आकडे बिराप्पांनी चार शनिवार खपून शोधले. पाचव्या शनिवारी त्यांनी गटाला पहिलं पत्र लिहिलं. आधी आपली ओळख, जत, मेंढरं, तार ऑफिस. मग आकडे. मग तळाला तेच सगळे आकडे पुन्हा एकदा.

वरच्या आकड्यांतलं एक शून्य मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. कॉलेजची लॅब बंद, म्हणून तानाजी आमच्या क्लासला आला. उंब्रजचा हा मुलगा इंजिनिअरिंगला होता आणि गटात आलेलं सगळं तपासायचं काम त्याच्याकडे होतं. बरोबर त्याचा मित्र प्रथमेश होता. तानाजीने आकडे घालून पाहिले, तर वेलांटी थेट पडद्याच्या कोपऱ्यात.

"आणि खाली तेच परत लिवलंय बघ," तानाजी म्हणाला.

"आपल्याला दोनदा सांगितल्याबिगर कळत न्हाई असं वाटलं आसंल त्यास्नी," प्रथमेश हसला.

हसू आलं की तानाजीची बोटं वेगाने चालत. त्याने लिहिलं, 'काका, चूक दोनदा लिहिली म्हणून बरोबर होत नाही. आधी मेंढरं मोजायला शिका, मग इकडे या.' आणि ते एकट्या बिराप्पांना न पाठवता चाळीसही जणांना पाठवलं.

त्या वेळी माझं एकही बटण अडलं नाही.

शनिवारी बिराप्पा आले, रुमालाने बोटं पुसली आणि पत्रं उघडली. तानाजीच्या पत्राखाली आणखी पाच जणांनी हसून घेतलं होतं. बिराप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग टाइप केलं, 'चूक झाली. माफी असावी. माझं नाव गटातून काढावं.'

"काका, आज लवकर निघालात?"

"गाडी हाय मॅडम."

त्यांची गाडी सव्वापाचची असायची. घड्याळात साडेतीन वाजले होते. त्यानंतर ते आले नाहीत.

तीन महिन्यांनी तानाजी पुन्हा माझ्यासमोर बसला. या वेळी त्याला स्वतःचे आकडे पाठवायचे होते. त्याचंही एक शून्य मी गिळलं आणि सगळ्यांच्या पडद्यावर अक्षरं विस्कटली. त्याला कुणी हसलं नाही. 'तानाजीराव, एकदा बघता का?' एवढंच कुणीतरी लिहिलं. त्याने शून्य दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिला.

"मॅडम, या मशीनवर आणि कोण बसतं?"

"पोरं बसतात. शनिवारी जतचे बिराप्पा काका बसायचे. आता येत नाहीत. का रं?"

तानाजीने जुनं पत्र उघडलं. तळाशी, दुसऱ्यांदा लिहिलेल्या आकड्यांत, ते शून्य जागेवर होतं. त्याखाली एक ओळ होती, 'तार ऑफिसच्या सवयीने आकडे पुन्हा देत आहे. वर काही गळालं असल्यास खालचं धरावं.' ही ओळ त्याने पहिल्यांदाच वाचली.

त्याने सगळ्या गटाची माफी मागितली. मग एसटीने जतला गेला. पुढच्या रविवारी मॅडमना सांगत होता, ते मी ऐकलं.

"म्हटलं काका, कीबोर्ड खराब हुता. तर म्हणाले, 'मशीनवर कशाला ढकलायलास रं? शून्य मशीननं खाल्लं. मेंढरांचं तू लिवलंस.'"

"आणि मग?" मॅडमनी विचारलं.

"मग च्या पाजला. म्हणाले, 'तार गळकी आली तर आमी फकस्त पुन्हा पाठवा म्हणायचो. पाठवणाऱ्याची अक्कल काढायची रीत नव्हती. तार कुणाच्या मयताची, कुणाच्या लग्नाची, आपल्याला काय ठावं?'"

"येणारेत का परत?"

"विचारलं. प्रोग्रॅमवर नाव लावू का, तेबी विचारलं. दोन्हीला नको म्हणाले."

आता नव्व्याण्णव साल चालू आहे. गटात नवीन माणूस आला की त्याला आधी तार ऑफिसची ती रीत लिहून पाठवतात. वेलांटी जागेवर बसते, ती बिराप्पांच्या आकड्यांनी. त्यांचं नाव मात्र कुठेच नाही.

मॅडमनी नवा कीबोर्ड घेतला. मी कपाटावर पडून आहे, उद्यापरवा भंगारात जाईन. बिराप्पांनी मला मोकळं केलं, पण मला तसं वाटत नाही. शून्य गिळलं ते मला कळलंही नव्हतं. ते शब्द मात्र एकेक अक्षर करून, मला कळत असताना, माझ्यातून गेले.

मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे. पलीकडचा माणूस दिसत नसला, तरी तो शनिवारी गाडी धरून येतो आणि चष्मा पुसून तुमचं वाचतो.