यादीतलं सातवं नाव

माइकवर हात दाबून रेडिओ चालवणारा एलिओदोरो म्हणाला, "थांबलीस का गं? वाच की पुढं."

पुढचं नाव माझ्या बापाचं होतं.

रेडिओ युनियनचा. संपात जे खाणीवर कामाला गेले, त्यांची नावं रोज सकाळी त्यावर वाचायची पद्धत. माझा आवाज खणखणीत, म्हणून तेराव्या वर्षीच हे काम माझ्या गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, मला आवडायचंही ते. आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

यादी करायची माझी आई, फोर्तुनाता. बायकांच्या समितीची पुढारी ती; पहाटे खाणीच्या तोंडाशी ठाण मांडून बसायची. म्हणजे बाबांना आत जाताना तिनं पाहिलं होतं, आणि स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: कासियानो चोके.

संपाचा एकेचाळिसावा दिवस होता. कंपनीनं धान्याचं दुकान बंद केलं होतं. जो कामावर जाईल त्याच्याच पोरांना डॉक्टर तपासत होता, आणि माझी धाकटी बहीण इलारिया चार दिवस तापानं फणफणली होती.

"मी नाही वाचणार," मी म्हणाले.

यादी घेऊन आलेली आई अजून दारातच होती. "काल फेलिसाच्या नवऱ्याचं वाचलंस की. तिची पोरं काय उपाशी नव्हती?"

"पण बाबा आहेत ते."

"बाबा घरी. वाच."

वाचलं. आवाज जरासुद्धा हलला नाही, त्याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी इलारियाला औषध पाजता पाजता बाबा म्हणाले, "स्पष्ट वाचलंस हो. कर्ण्यावरून सगळ्यांना ऐकू आलं." दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इलारिया वाचली. संप फिसकटला. पण खाणीत उतरण्याआधी माणसं गोल करून कोकाची पानं चघळतात, त्या गोलात बाबांना परत कुणी जागा दिली नाही. नऊ वर्षं ते बाजूला, एकटेच पानं चघळत बसले. मग छातीत साठलेल्या धुळीनं त्यांना नेलं.

आमच्याकडे खाणकामगार गेला की युनियनची माणसं शवपेटी खांद्यावर नेतात. आईनं दुपारपर्यंत वाट पाहिली. एकटी फेलिसा आली.

"चला," आई म्हणाली. "आपण चौघी आहोत."

आई बुटकी, त्यामुळे पेटी तिच्या बाजूला कलायची. बंद दारांपुढून जाताना मी विचारलं, "नाव लिहिलं नसतंस तर?"

"तर दुसऱ्या कुणाचंच लिहायचा मला हक्क उरला नसता."

चढ लागला. ती थांबली, खांद्यावर शालीची घडी ठेवली.

"पण लिहायला नको होतं गं," ती म्हणाली, आणि पेटी पुन्हा उचलून चालू लागली.