दसऱ्याचा हार

दसरा होऊन आठवडा झाला, तरी दिगंबररावांच्या जुन्या फियाटचा डावा इंडिकेटर लागेना. लावला की फ्यूज उडायचा. रोज खिदिरपूरच्या कस्टम्स ऑफिसात जाताना ते खिडकीतून हात काढून वळत आणि मागचे बसवाले त्यांचा उद्धार करत. स्विच बदलून झाला, फ्लॅशर बदलून झाला. "विकूनच टाकतो हे धूड!" ते बायकोवर ओरडले.

"आधी बंपरवरचा तो वाळलेला हार काढा," मीनाक्षी म्हणाली.

"दसऱ्याचा हार आपण काढत नाही. तो आपोआप गळतो."

"दोऱ्यात ओवलेला गळतो. तुम्ही तांब्याच्या तारेनं बांधलाय!"

दिगंबरराव गाडीपुढे वाकले. तारेचं टोक दिव्याच्या फटीतून आत शिरून बल्बला टेकलं होतं. शॉर्ट तिथेच होत होतं. त्यांनी हार सोडला आणि नवा फ्यूज घातला. दिवा लुकलुकू लागला, तसा आठवड्याचा राग एका सुस्काऱ्यात उतरला.

"चल, बस गाडीत."

घराजवळच्या, बेहाला भागातल्या गल्ल्यांतून ते प्रत्येक कोपऱ्यावर ऐटीत डावीकडे वळत राहिले. आपलंच दार तिसऱ्यांदा आलं, तेव्हा मीनाक्षी म्हणाली, "अहो, आता उजवा लागतो का तेही बघा!"