खरखर थांबली तेव्हा

"खरखर थांबली म्हणून खूश होऊ नका, ताई. वायर आतून तुटली तरी ती थांबतेच," दुरुस्तीवाले काका म्हणाले होते.

ताई हसल्या. "काका, मिळतेय तेवढी शांतता मिळू द्या हो!" आणि त्यांनी मला परत कानांवर चढवलं.

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. कारखान्यात दोन कान एका पट्टीला जोडले गेले आणि मी या कॉल सेंटरात आलो. हॉलच्या खिडक्या उघडत नाहीत. फ्रिज बनवणारी कंपनी वेगळी, तिच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणारे आम्ही वेगळे. आम्हाला मोबदला फोनच्या संख्येवर मिळतो. त्यामुळे एकाच माणसाने पुन्हा पुन्हा फोन केला तर इथे कुणाला वाईट वाटत नाही.

ताईंचं बाळ अजून अंगावर पिणारं. सकाळची पाळी मिळाली की त्या दुपारी घरी. पण ती मिळते आटोपशीर बोलणाऱ्यांनाच. स्क्रीनवरचं घड्याळ लाल व्हायच्या आत 'तक्रार नोंदवली' म्हणायचं आणि फोन ठेवायचा. "तुम्ही काय फ्रिज दुरुस्त करायला बसलाय का?" सुपरवायझर विचारायचे.

एका आजोबांचा रोज फोन यायचा. रोज पहिल्यापासून सगळं सांगायचे.

"फ्रिज गार होत नाही. आमच्या हिचं इन्सुलिन आहे हो त्यात. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलंय, पण असं किती दिवस टिकणार?"

"तक्रार नोंदवलीय, आजोबा."

"कालही नोंदवलीत, बाळा. तुमचं वाक्य आता हिलासुद्धा पाठ झालंय."

मागे आजी हसायच्या. घड्याळ लाल व्हायला टेकायचं. ताई बटण दाबायच्या.

मग एके दिवशी त्यांचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इथे आठवडाभर परत फोन आला नाही की तक्रार आपोआप 'सुटली' अशी नोंद होते. तशी ती झाली. ताईंचं नाव फळ्यावर लागलं, टाळ्या पडल्या.

"सर, त्यांच्याकडे माणूस गेला होता का?" ताईंनी विचारलं.

"परत फोन आला का? नाही ना! मग झालं की काम."

"मी एकदा लावून बघू?"

"ताई, इथून बाहेर फोन लागत नाही, माहितीय ना तुम्हाला. आणि सुटलेली तक्रार उघडता येत नाही."

ताईंचा मोबाइल बाहेर लॉकरमध्ये. आजोबांचा नंबर स्क्रीनवर कधी दिसतच नव्हता. ताईंनी मान हलवली आणि पुढचा फोन घेतला.

त्यांना सकाळची पाळी मिळाली. पुढे माझा एक कान बंद पडला. त्याआधी काही दिवस खरखर अगदी थांबली होती. आता मी खणात असतो. त्यांच्या टेबलाचाच खण, म्हणून ऐकू येतं. परवा त्या शेजारणीला सांगत होत्या, "बाळ शांत झोपलं की मला धडकीच भरते गं. हलवून जागं करते, रडलं की बरं वाटतं."

आजींचं काय झालं, मला माहीत नाही. ताईंनाही नाही.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, वायर ओढू नका, असं मी सांगणार होतो. ते राहू द्या. तुमच्या ओळखीत रोज तेच गाऱ्हाणं सांगणारं कुणी असेल आणि हल्ली ते गप्प झालं असेल, तर आज त्यांच्याकडे जाऊन या. बेल वाजवा. दार उघडेपर्यंत थांबा.