आधी एक-चार-एक

त्या घराच्या दारावर पाटी नव्हती. आत शिरले तशी बेरीलनं माझ्या हातात चहाचा मग दिला, माझ्या मुलीला, केरीला, बिस्किट दिलं, आणि माझी बॅग जमिनीला टेकायच्या आत मला जिन्याखालच्या फोनपाशी नेऊन उभं केलं. नाणी टाकायचा फोन. वर भिंतीला कागद चिकटवलेला, लाल पेननं जाडजूड लिहिलेलं: आधी एक-चार-एक.

"वाच," बेरील म्हणाली.

वाचलं.

"आता बोटानं दाबून दाखव."

दाबून दाखवलं. एक, चार, एक, मग आईचा नंबर. शाळेतल्या ढ पोरीसारखं तीनदा करून घेतलं तिनं.

"हे तीन आकडे आधी दाबले की आपला नंबर झाकला जातो. हे विसरलीस, तर समोरच्यानं फोन ठेवून नुसतं चौदा-एकाहत्तर फिरवायचं. ती टेपवरची बाई त्याला हा नंबर घडाघडा वाचून दाखवते. गावाच्या आकड्यासकट. म्हणजे गाव कळलं. आणि गाव कळलं की माणूस इथवर यायला किती वेळ लागतो, ठाऊक आहे?"

"बर्नलीहून? अडीच तास."

"मागच्या वर्षी एकजण दोन तासांत आला," बेरील म्हणाली. "घाई होती त्याला."

बेरील वाईट बाई नव्हती. पन्नाशीची, जाड भिंगांची, सिगारेट ओढून घसा खरवडलेला. वीस वर्षं ती नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या आमच्यासारख्या बायकांना सांभाळत होती, आणि हे तीन आकडे निघाले तेव्हापासून तेच शिकवत होती. पण मला त्या दिवशी तिचाच राग आला. हाड माझं मोडलं होतं, गळ्याजवळचं, दुसऱ्यांदा. आणि आकडे मी पाठ करायचे. माझ्या नवऱ्याचं, कीथचं, नाव बर्नलीच्या फोनच्या पुस्तकात छापलेलं होतं, पत्त्यासकट, कुणीही उघडून वाचावं. त्यानं काही लपवायची गरज नव्हती. लपायचं ते आम्ही, व्हिटबीतल्या एका बिनपाटीच्या घरात, सहा बायका आणि अकरा पोरं, न्हाणीघरं दोन.

आणखी दोन नियम होते. ऑफिसातल्या फोनचा नंबर तोंडपाठ करायचा, कागदावर लिहायचा नाही. बाहेर काही झालं तर तोच नंबर. रात्री अंथरुणात केरी आणि मी तो पुटपुटायचो, बाकीची पोरं प्रार्थना म्हणतात तसा. आणि ऑफिसातला फोन आमच्यापैकी कुणी उचलायचा नाही. तो फक्त बेरील आणि तिच्या हाताखालच्या बायका उचलायच्या, आणि उचलून एवढंच म्हणायच्या: हॅलो. नाव नाही, गाव नाही, काही नाही.

हे ऐकून मला हसू आलं होतं, कारण माझ्या आईच्या घरी 'हॅलो' ही शिवी होती.

आमच्या घरांच्या ओळीत पहिला फोन आमच्याकडे आला, एकाहत्तर साली. आईनं त्याच्यासाठी घरातल्या बोळकांडीत वेगळं टेबल घेतलं, वर विणलेला रुमाल, शेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल. फोन वाजला की ती आधी ॲप्रन काढायची. मग रिसीव्हर उचलून इस्त्री केल्यासारख्या आवाजात म्हणायची, "बर्नली, चार-दोन-सहा..." पूर्ण नंबर, सावकाश, एकेक आकडा. मी सात वर्षांची असताना एकदा धावत जाऊन नुसतं "हॅलो" म्हटलं, तर लाकडी डाव बोटांवर बसला.

"हॅलो काय? आपण कोण, कुठले, ते आधी सांगावं. लपवाछपवी करणाऱ्यांतले नाही आपण, जॅनिस."

तर ते बोटांत बसलं होतं. बोटांतून तोंडात. लग्नानंतर माझ्या घरीही मी फोन उचलला की गाव आणि नंबर. कीथला आवडायचं ते. चारचौघांत म्हणायचा, "बघा, माझी बायको राणीच्या दरबारातली."

दर रविवारी साडेपाचला, चहाची भांडी विसळून झाली की मी आईला फोन करायचे. आधी एक-चार-एक. तिला ठाऊक होतं मी समुद्राकाठी कुठेतरी आहे, केरी शाळेत जाते, बास. पण दर रविवारी तिचं तेच रडगाणं.

"तू ठेवलास ना फोन, की मी चौदा-एकाहत्तर करते."

"का करतेस, आई?"

"सवय. आणि ती बाई मला सांगते, फोन करणाऱ्यानं आपला नंबर राखून ठेवला आहे. मला! नऊ महिने पोटात वागवली मी तुला, आणि एक परकी बाई मला सांगते, राखून ठेवला आहे. नंबर कोण लपवतं ठाऊक आहे? वसुलीवाले आणि घाणेरडे पुरुष."

"मी कुणामुळे लपवते ते तुला माहीत आहे."

"कीथ सुधारलाय गं. माझं गवत कापून गेला परवा. वरच्या खोलीत त्याच लाइनीवर दुसरा फोन बसवून दिला, गुडघे दुखतात ना माझे, खाली धावायला नको म्हणून. एक पैसा घेतला नाही."

"माझं हाड मोडायचेही त्यानं पैसे घेतले नव्हते."

"तुझी जीभ," आई म्हणाली. "लहानपणापासून तुझ्या जिभेनंच घात केलाय तुझा."

हे ती तेव्हा सहज म्हणाली. मला नंतर पुष्कळ दिवस पुरलं.

वरच्या खोलीतल्या त्या फोनचं ऐकून मला कळायला हवं होतं. नाही कळलं. आईच्या गुडघ्यांची काळजी वाटली मला. बघा आता.

मार्चमधला रविवार. मी फोनवर, बोटांत आणखी दोन नाणी धरून. जिन्याखालच्या त्या फोनला लागूनच ऑफिसची खिडकी, आणि खिडकीच्या आत, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर, ऑफिसचा फोन. बेरील वर गेली होती, दोन पोरांनी एकमेकांचे केस धरले होते म्हणून. आई मला सांगत होती की शेजारणीनं पडदे बदलले, आणि किती भयंकर आहेत ते. मी हसत होते. खरंच हसत होते, बऱ्याच दिवसांनी. आणि ऑफिसचा फोन वाजायला लागला.

"बेरील!" मी ओरडले.

वरून कुणी आलं नाही. फोन वाजत राहिला. सहा वेळा. सात वेळा.

त्या फोनवर कोण असतं ते मला ठाऊक होतं. पाच महिन्यांपूर्वी मीच होते. कीथ दूध आणायला गेला होता, दुकान कोपऱ्यावर, माझ्याकडे मोजून चार मिनिटं. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा बेरील "हॅलो" म्हणाली तेव्हा फाटकाची कडी वाजली आणि मी फोन ठेवला. मग मला आणखी तीन आठवडे कीथच्या घरात काढावे लागले. हाड दुसऱ्यांदा मोडलं ते त्या तीन आठवड्यांत.

म्हणून हात घातला मी खिडकीतून. हा रिसीव्हर या कानाला, तो त्या कानाला. आणि माझ्या तोंडानं, मला न विचारता, आईनं शिकवलेल्या इस्त्रीच्या आवाजात, सावकाश, एकेक आकडा सुटा करून म्हटलं: व्हिटबी. आणि पुढचे सहाच्या सहा आकडे.

तिकडून एक पुरुष म्हणाला, "रविवारच्या जेवणाला चौघांसाठी टेबल मिळेल का?"

चुकीचा नंबर. कुठल्याशा हॉटेलात लावत होता तो.

मी तो फोन ठेवला. दुसऱ्या कानात आई गप्प होती. पडदे संपले होते. आणि मग त्या गप्पपणात एक बारीक 'टक्' झालं. आईच्या घरी वरच्या खोलीत कुणीतरी रिसीव्हर जागेवर ठेवला, हळूच.

"आई. वर कोण आहे?"

"कुठे वर?"

"आई."

"अगं, आवाज ऐकायचा होता त्याला तुझा. एवढंच. बोलणार नाही म्हणाला, नुसता ऐकेन म्हणाला. माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला गं तो, एवढा दांडगा पुरुष. मी काय दगड आहे?"

"किती रविवार?"

"जॅनिस, बाळा..."

"किती?"

"हा चौथा," आई म्हणाली. मग जरा दमानं, जरा अभिमानानंच म्हणाली, "फोन कसा उचलावा ते विसरली नाहीस हो तू."

नाणं संपलं. मी दुसरं टाकलं नाही.

बेरीलला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि यादी काढून फोन लावायला बसली. नंबर बदलायचा, मला हलवायचं, जागा शोधायची. सोमवारी जागा नव्हती. मंगळवारी नव्हती. देशभर अशी घरं आणि सगळी भरलेली, यातच काय ते समजा. बेरील म्हणाली, "केरीला घरातच ठेव. तू उंबऱ्याबाहेर पडू नकोस." पण बुधवारी केरीच्या वर्गाचं नाटक होतं, ती मेंढी झाली होती, घरातल्याच एका जुन्या ब्लँकेटची मेंढी. ती इतकी रडली की बेरील स्वतः तिला घेऊन गेली, मागच्या गल्लीनं.

कीथला घराचा पत्ता नकोच होता. गाव पुरलं त्याला. त्या गावात लहान मुलांच्या शाळा किती? बोटावर मोजण्याइतक्या. तीन वाजता एका शाळेसमोर उभं राहायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. बुधवारी तिसरी होती, केरीची. बेरीलला शाळेच्या फाटकासमोर लालसर सिएरा गाडी दिसली, आणि बोनेटला टेकून उभा असलेला एक माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात मोठी कापडी अस्वल-बाहुली. येणाऱ्याजाणाऱ्या आयांना तो हसून 'दुपार छान आहे' म्हणत होता.

बेरीलनं शाळेच्या स्वयंपाकघरातून पोलिसांना फोन केला. पोलीस आला, कोवळा, दाढी करताना गाल सोललेला. कीथशी बोलला. परत येऊन बेरीलला म्हणाला, "बाई, तो रस्त्यावर उभा आहे. रस्ता सगळ्यांचा आहे. आणि पोरीचा बाप आहे तो, कोर्टाचा काही कागद आहे का तुमच्याकडे?"

"तिच्या आईचे क्ष-किरण फोटो आहेत," बेरील म्हणाली.

"त्यानं इथे काही केलेलं नाही."

"करेपर्यंत थांबू?"

केरीला स्वयंपाकघराच्या दारानं, भाजीवाल्याच्या गाडीत बसवून आणलं, मेंढीच्या वेषातच. त्या संध्याकाळी जागा मिळाली, कारण आता ती मिळवावीच लागली. मी दोन बॅगा भरल्या. माझ्याबरोबर आणखी दोघींना हलवायचं ठरलं. त्यांचे नवरे कीथला ओळखत नव्हते, पण गावात अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. त्यांतली एक पॉलीन. बंदरावरच्या माशांच्या दुकानात तिला तीन आठवड्यांपूर्वी काम लागलं होतं. रोज घरी येऊन हात धुवायची आणि म्हणायची, "जाऊ दे वास, कमाईचा आहे." ती जिन्यावर बसून होती, बॅग मांडीवर.

"पॉलीन, माझी चूक झाली," मी म्हणाले.

"फोन उचलून नंबर सांगितलास," ती म्हणाली. "कोण करतं गं असं? कुठल्या शाळेत शिकवतात?"

"आईनं शिकवलं."

"मग आईकडेच जायचं होतंस."

गाडी आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिचं बरोबर होतं.

आता आम्ही कुठे आहोत ते सांगणार नाही. केरीची शाळा वेगळी, आडनाव वेगळं. मी जेवणघरात भांडी घासते. घरात फोन घेतलेला नाही.

सप्टेंबरात आईचा वाढदिवस येतो, सत्तरावा होता. सहा महिने मी तिला फोन केला नव्हता. करायचा नाही असंच ठरवलं होतं, पण दिवसभर राहवेना. शेवटी कामावरून येताना बस बदलून लांबच्या एका गावातल्या टेलिफोनच्या डब्यातून केला. दुपारची वेळ, डब्यात मुताचा वास. एक-चार-एक. मग आईचा नंबर.

तीन वेळा वाजला. मग रिसीव्हर उचलला गेला, आणि सावकाश, एकेक आकडा सुटा करून, शिष्टाचारानं:

"बर्नली, चार-दोन-सहा..."

आवाज कीथचा होता.

पूर्ण नंबर सांगितला त्यानं. आईनं शिकवलेलं पोरगं जसं सांगेल तसा. मी श्वास धरला. तोही गप्प राहिला, ऐकत. ऐकण्याची सवय होतीच त्याला. मागून बश्यांचा आवाज आला आणि आई म्हणाली, "कोण आहे रे? जॅनिस आहे का?"

"कुणी नाही, आई," तो म्हणाला. "चुकून लागला. तू बस, चहा मी ओततो."

मी फोन ठेवला. नाणं फोनच्या पोटात गेलं, परत आलं नाही.

त्यानं लगेच चौदा-एकाहत्तर फिरवलं असणार. आणि ती टेपवरची बाई त्याला म्हणाली असणार, फोन करणाऱ्यानं आपला नंबर राखून ठेवला आहे. आमच्या सगळ्या गोतावळ्यात तोंड बंद ठेवणारी तेवढी एकच बाई निघाली.