दोन सूत जास्त

नारायणरावांच्या आई जनकाबाई गॅलरीच्या काचेला पाठ टेकून बसल्या आणि मी तोंडाकडे नेलेला घास परत ताटात ठेवला.

वडनेर भोलजीत त्यांच्या नव्या घराची वास्तुशांती होती. पंगत वरच्या मजल्यावर, गॅलरीत. कठड्याच्या जागी ओळीनं चार काचा, चारही मी बसवलेल्या. मलकापुरात माझं काचेचं दुकान आहे. आमच्याकडे साधी काच दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्तच मागवतात आणि जागेवर घासून बसवतात. बाप तेच करायचा. टफन काच मागवतानाही मी शहाण्यानं तेच केलं. ती भट्टीत तापवून एकदम गार केलेली असते; नंतर कापायला किंवा घासायला गेलं की सगळीच्या सगळी ढासळते. हे मला पाठ होतं, पण हाताची सवय नडली. तीन काचांना जागा होती म्हणून निभावलं. खांबाजवळची चौथी बसेना.

नवी यायला दहा दिवस लागणार होते आणि मुहूर्त तीन दिवसांवर. मी तिथं साधी काच बसवली आणि वर टफनचा स्टिकर चिकटवला. पाहुणे गेले की गुपचूप बदलू, असा विचार केला. सांगताना लाज वाटते, पण केलं खरं.

जनकाबाई त्याच काचेला टेकल्या होत्या.

टफन फुटली तर ज्वारीएवढे बोथट दाणे होतात. साधी फुटली तर सुऱ्याच. काचेमागे थेट खाली अंगण, तिथं फरशीवर आचारी पुऱ्या तळत होते.

"टेका बिनधास्त!" नारायणराव वाढता वाढता माझ्याकडे बोट दाखवून ओरडले. "गोपाल म्हणे, बैल धडकला तरी काई होत नाई!"

मग शेजारच्या मंजुळाबाईही सरकून तिथंच टेकल्या. दोघी हसल्या की काच हलतेय असं मला दिसायचं. हलत होती की माझेच डोळे फिरले होते, कोण जाणे. बोललो तर तालुक्यात तोंड दाखवायला जागा नाही. नाही बोललो तर... पुढचं मला मनातही म्हणवेना. तेवढ्यात जनकाबाई उठायला म्हणून काचेवर कोपराचा जोर देऊ लागल्या.

"माय, जोर नका देऊ!" मी ताटावरून उठलो. "पुढं सरका! ते काच साधी हाय!"

दोघींना हात धरून मी भिंतीकडे आणलं.

"साधी?" नारायणरावांच्या हातात बुंदीची परात तशीच होती. "अन् स्टिकर?"

"मीच चिपकवला."

ते ओरडतील म्हणून मी मान खाली घातली. ते ओरडले नाहीत, त्यानं जास्त भीती वाटली.

"मंग बाकीच्या तीन?"

"त्या खऱ्या हायेत, भाऊसाहेब. कोपऱ्यात शिक्का पाहा, काचेतच हाय, निघत नाई."

त्यांनी वाकून शिक्क्यावर नख घासलं. "मले काय समजते त्यातलं? स्टिकर बी तुनंच दाखवला होता." मग माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या मुलीकडे, प्रेरणाकडे, पाहिलं. सात वर्षांची आहे. "इले टेकव तिथं. मंग माह्या मायले बसवतो."

त्या तिन्ही काचा पक्क्या होत्या. कंपनीचं बिल माझ्या खिशात होतं, शिक्के मी स्वतः तपासले होते. प्रेरणाला तर खेळच वाटला. ती ताटावरून उठली आणि पाठ काचेकडे करून एकेक पाऊल मागं जाऊ लागली.

दोन पावलं राहिली असताना मी तिचा फ्रॉक पकडला.

नारायणरावांनी परात खाली ठेवली. "उठा रे सगळे," ते म्हणाले, "पंगत खाली मांडा."