पिवळ्या पावडरीवरची आण

म्हाळसाबाईंनी रिकाम्या पिशवीचं तोंड चिमटीत धरलं, आतली हवा सावकाश निघू दिली आणि झोपलेल्या लेकराखालचं दुपटं काढावं इतक्या हलक्या हातानं ती गुंडाळत नेली.

"झटकायची नाय," त्या मास्कमधूनच म्हणाल्या. "कोपऱ्यात किती का राहिली आसंना. राहू द्यायची."

रूपालीनं मान हलवली. वजनखोलीत येऊन तिला तीन महिने झाले होते. अजून अकरा दिवसांनी म्हाळसाबाई निवृत्त होणार, आणि मग हा काटा रूपालीच्या हाती जाणार, असं ठरलेलं होतं.

वाळूजच्या त्या कारखान्यात चपलांच्या तळव्यांसाठी रबराचे फुगीर पत्रे निघत. पाव फुगायला जसं खमीर, तशी रबर फुगायला ही पावडर. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं, तोंडी ती नुसती 'पिवळी'. रंग थेट हळदीचा. काट्याभोवतीची काचेची पेटी, तिच्या पाठीमागचा हवा खेचणारा पंखा, गाळणीचे दोन डबे लावलेले मास्क, हे सगळं आत्ता महिन्याभरापूर्वी आलं होतं. त्याच्याबरोबर आला आकाश, सुरक्षेचं काम बघणारा, म्हाळसाबाईंच्या धाकट्या मुलाच्या वयाचा साहेब. त्यानं सगळ्या बायांना बसवून सांगितलं होतं की ही पावडर छातीत धरते. सगळ्यांच्या नाही, एखादीच्या. पण एकदा धरली की चिमूटभरानंही दम लागतो. वेळेत कळलं आणि माणूस पावडरीपासून दूर नेलं तर छाती मोकळी होते. उशीर झाला तर जन्माचं दुखणं. म्हणून खोकला आला की त्याच दिवशी निळ्या वहीत नाव लिहायचं, स्वतःचं किंवा शेजारणीचं.

दुपारची वजनं संपली. रूपालीनं मास्क खुंटीला अडकवला आणि पाठ फिरवून तोंडावर ओढणी दाबली. खोकला कोरडा होता. एकदा, मग थांबून दोनदा, आणि शेवटी शिट्टीसारखा बारीक सूर. म्हाळसाबाई ओलं फडकं पिळता पिळता थांबल्या.

"कधीपासनं हाय?"

"गारठ्याचं झालंय, मावशी."

"सुट्टीच्या दिवशी येतो का?"

रूपालीनं दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. संध्याकाळी घरी गेलं की छाती आवळते. रविवारी काही नसतं. पण वजनखोलीला तेवढी दिवसपाळी. इथून काढलं तर प्रेसखात्यात टाकतील, तिथं तिन्ही पाळ्या. नवरा ट्रकवर, दहा-दहा दिवस बाहेर. चार वर्षांची पोर रात्री कुणाच्या हवाली करायची? तिनं पर्समधून कागदाची एक पुडी काढली. जेजुरीहून आलेला भंडारा होता.

"बेल नाय, पर भंडारा हाय. आण घ्या, मावशी. कुणाला सांगणार नाय म्हणा. तुमी बोललात की मी निर्धास्त."

हे तिनं उगाच म्हटलं नव्हतं. म्हाळसाबाईंचे नेम अख्ख्या बजाजनगरला माहीत होते. पहाटे अंघोळ, देवापुढं दिवा, कपाळाला भंडारा, आणि मग दिवसाचं पहिलं काम, म्हणजे आता कारखान्यातलं पहिलं वजन, होईपर्यंत मौन. लग्नानंतरच्या पहिल्या चंपाषष्ठीला घेतलेला नेम. बाळंतपणातही मोडला नव्हता. गेटवरचे वॉचमन नानासाहेब रोज सकाळी "राम राम, म्हाळसाबाई" म्हणत आणि बायकी आवाज काढून स्वतःच "राम राम, नानासाहेब" असं उत्तरही देत. त्या नुसत्या हसून आत जात.

म्हाळसाबाईंनी पुडीकडं पाहिलं. हात फडक्यातून बाहेर काढले नाहीत.

"हात ओले हायेत," त्या म्हणाल्या. "उद्या बघू."

त्या संध्याकाळी त्या घरी बजाजनगरला गेल्या नाहीत. शहराकडं जाणारी बस धरून पडेगावला निघाल्या.

बसच्या खिडकीपाशी बसल्यावर त्यांना जुनी वजनखोली दिसू लागली. तेव्हा पेटी नव्हती, पंखा नव्हता. काट्याच्या एका बाजूला त्या आणि दुसऱ्या बाजूला तबस्सुम. दहाच्या सुमारास छपराच्या फुटक्या पत्र्यातून उन्हाचा एक पट्टा आत येई आणि त्यात पिवळी तरंगत राही. जेजुरीच्या पायऱ्यांवर उधळण व्हावी तसं दिसे. दोघी काम थांबवून क्षणभर बघत. रिकामी पिशवी म्हाळसाबाई तीन वेळा झटकत. कण वाया जाऊ नये म्हणून. साहेब कौतुक करत, म्हाळसाबाईंच्या पिशवीत मुंगीलाही काही सापडायचं नाही. संध्याकाळी दोघी कोपरापर्यंत पिवळ्या होऊन नळावर उभ्या राहिल्या की प्रेसखात्यातली मंडळी ओरडत, आल्या बघा हळदीच्या नवऱ्या. तबस्सुम उलट विचारी, वऱ्हाडी म्हणून येता का नुसते जेवायला?

एका साली श्रावण आणि रमजान एकत्र आले. म्हाळसाबाईंचे श्रावणी सोमवार आणि तिचे रोजे. जेवणाच्या सुट्टीत दोघी डबे न उघडता पिंपांच्या आडोशाला पाय पसरून बसत. संध्याकाळी बसमध्ये तबस्सुम ओढणीच्या गाठीतून खजूर काढी, आधी एक म्हाळसाबाईंच्या हातावर ठेवी, मग बांग ऐकू येईपर्यंत दुसरा मुठीत धरून बसे. इतकं पोटभर हसणं पुढं कधी झालं नाही.

मग तबस्सुमला खोकला लागला. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, दिवसपाळी सुटणं परवडणारं नव्हतं. एक दिवस तिनं म्हाळसाबाईंचं मनगट धरलं, काट्यावरची चिमूटभर पिवळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि अर्धवट हसत म्हणाली, ही घे तुझी हळद. खंडोबाची आण घे, कुणाला बोलणार नाहीस. म्हाळसाबाईंनी घेतली. ती पावडर आहे हे कळत होतं. पण हातात पिवळं होतं आणि तोंडात देवाचं नाव होतं. ती आण त्यांनी सव्वा वर्ष सांभाळली. मग एका सकाळी तबस्सुम काट्याशेजारीच खाली बसली आणि तिला श्वास घेता येईना. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

पडेगावात तबस्सुमच्या दारात पाण्याचं निळं पिंप होतं. नळाला पाणी आठवड्यानं येई, तरी एक तांब्या त्या घरात म्हाळसाबाईंच्या कपाळासाठी राखलेला असे. कुठल्याही भुकटीनं तबस्सुमचा दम उठायचा. जगात हेच एक दार होतं जिथं त्या भंडारा धुऊन आत जात.

"क्या गे म्हाळसा, आज बुधवार," खिडकीजवळच्या पलंगावरून तबस्सुम म्हणाली. "तू तर इतवारची पाहुणी. कपाळ धुतलं का?"

"धुतलं."

"खंडोबा रागवंल एखाद्या दिवशी."

"त्याला ठावं हाय समदं."

तबस्सुमची सून शहजादी पाणी ठेवून बाहेर गेली. फोडणीचा वास घरात नको म्हणून ती मागच्या अंगणात स्वयंपाक करायची. म्हाळसाबाईंनी नव्या पोरीबद्दल सांगितलं. खोकला कसा आहे, रविवारी कसा नसतो, पुडी कशी काढली. तबस्सुम डोळे मिटून ऐकत होती.

"मग घेतली आण?"

"नाय अजून. तुला विचारावं म्हणलं." म्हाळसाबाईंनी पदर सारखा केला. "तुझी तर मी मोडली नाय कधी."

हे बोलताना त्यांच्या आवाजात थोडा ताठा होता. इतक्या वर्षांत एवढंच तर त्यांच्याकडं जपून राहिलं होतं.

"व्हय. नाय मोडली." तबस्सुमनं दम्याच्या पंपाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "मी रोज वाट बघायची गे. वाटायचं, आज ही साहेबाला सांगंल. मग मला घरी म्हणता येईल, म्हाळसानं सांगितलं, माझा काय इलाज." ती थांबली, श्वास घेतला. "पण तू लई पक्की निघाली."

त्यात राग नव्हता. तिनं शहजादीला हाक मारून चहा टाकायला सांगितला, साखर जास्त घाल, म्हाळसाला गोड लागतो. चहा आला. म्हाळसाबाईंनी कप बशीतून उचलला आणि तसाच परत ठेवला. बाहेर अंधारून येईपर्यंत दोघी बसून राहिल्या. निघताना तबस्सुमनं त्यांचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ झाली. दिवा लावला. कपाळाला भंडारा लावताना म्हाळसाबाईंचं बोट मध्येच थांबलं. त्या देवापुढं बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. मग नेहमीची बस सोडून त्याच्या आधीची धरली.

गेटवर नानासाहेब रजिस्टर उघडत होते.

"राम राम, म्हाळसाबाई," ते म्हणाले आणि आवाज बारीक करू लागले.

"नानासाहेब, आकाश सर आले का?"

नानासाहेबांचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांनी पेनानं नुसतं ऑफिसकडं दाखवलं.

पहिलं वजन अजून व्हायचं होतं. ते होईपर्यंत थांबलं असतं तर रूपाली पेटीसमोर उभी राहिलीच असती. म्हाळसाबाईंनी आकाशच्या टेबलासमोर उभं राहूनच सगळं सांगितलं. खोकला, संध्याकाळ, रविवार. त्यानं वही ओढली, नाव लिहायला घेतलं.

"त्याच्यावर एक ओळ सोडा," त्या म्हणाल्या. "आधी एक नाव ऱ्हायलंय. तबस्सुम. तिकीट नंबर चारशे बारा."

"ही कोण मावशी? आपल्याकडं आहे?"

"व्हती. तिला बी खोकला सुट्टीला येत नव्हता. मला ठावं व्हतं. आन पिशवी झटकायची मी." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "हे समदं लिहा."

आकाशनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. मग लिहिलं.

रूपालीला त्याच सकाळी डॉक्टरकडं पाठवलं. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, आकडे मांडले आणि सांगितलं की आत्ताच कळलं ते बरं झालं. दोन-तीन महिने दूर राहिली तर छाती धुऊन निघेल. सोमवारपासून प्रेसखातं, पहिला आठवडा रात्रपाळी. ती डबा घ्यायला वजनखोलीच्या दारापर्यंत आली, आत आली नाही.

"हात ओले हायेत म्हणलात तवाच," ती म्हणाली. "मलाच कळाय पायजे व्हतं."

पावडरीच्या पाकिटांवर लावायच्या चिकट पट्ट्यांचा गठ्ठा म्हाळसाबाईंसमोर होता. त्यांनी एक पट्टी घेतली, रोज वजनाचा आकडा टाकतात तशा सावकाश अक्षरात बजाजनगरचा आपला पत्ता लिहिला आणि ती रूपालीच्या डब्याच्या झाकणावर चिकटवली.

"पोरीला भात-वरण चालतं का?" त्यांनी डबा पुढं करत विचारलं. "दहा दिवसांनी मी घरीच हाय. तवर रात्रीची तर हायेच."

रूपालीनं डबा घेतला आणि न बघता निघून गेली.

संध्याकाळी पाळी सुटली. म्हाळसाबाई नळावर हात धुऊन गेटपाशी आल्या तेव्हा बस निघायच्या बेतात होती. खिडकीशी रूपाली बसली होती, डबा मांडीवर. तिचा अंगठा झाकणावरच्या पट्टीच्या कोपऱ्यावरून पुन्हा पुन्हा फिरत होता. ती कोपरा उचलत होती की दाबून बसवत होती, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.